कार्ल श्मिट: एक दिवस आणि एकेचाळीस वर्षं

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक रील टाकली. कृष्णधवल फोटो, मागे उदास पियानो आणि खाली एकेक ओळ सरकत जाते. शिकागोच्या म्युझियममधला सापांचा शास्त्रज्ञ, त्याला साप चावतो, तो दवाखान्यात जात नाही, वही घेऊन बसतो आणि स्वतःच्या मरणाच्या नोंदी करत करत मरतो. ‘विज्ञानासाठी प्राण दिले’ वगैरे. मी वर लिहिलं, ‘याला म्हणतात डेडिकेशन.’ इंजिनिअरिंगला असताना हीच गोष्ट मी एका प्रेझेंटेशनमध्येही घुसडली होती. तेव्हाही टाळ्या आल्या होत्या.

ग्रुपवर चार हात जोडलेले आले, दोन बदाम आले. रात्री उशिरा गावाहून काकांचा मेसेज आला: ‘माझं पण तसंच झालेलं. फक्त मी वही घेऊन बसलो नव्हतो.’

काकांना फुरसं चावलं तेव्हा मी नववीत होतो. संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी काजूची बाग आहे, तिथे पाला गोळा करताना बोटाला चावलं. वीतभर होतं म्हणे. काकू ओरडत होती की रत्नागिरीला चला. काका म्हणाले, ‘काय नाय होत, पोर होतं त्याचं.’ हळद लावली, जेवले, झोपले. सकाळी दात घासताना चूळ भरली तर ती लाल. थांबेचना. मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं. तिथे डॉक्टरांनी त्यांचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. नंतर नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. काका वाचले. ते बोट मात्र अजून नीट मिटत नाही.

त्या मेसेजनंतर मी कार्ल पॅटरसन श्मिटबद्दल जरा नीट वाचायला घेतलं, आणि वाचत गेलो तशी माझ्या ‘डेडिकेशन’ची लाज वाटत गेली. हा लेख त्या गोष्टीबद्दल आहे, म्हणजे श्मिटबद्दल आणि श्मिट आपल्याला ज्या पद्धतीने सांगितला जातो तिच्याबद्दलही.

आधी घटना. २५ सप्टेंबर १९५७. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाचे संचालक मार्लिन पर्किन्स यांनी एक साप ओळख पटवण्यासाठी म्युझियमकडे पाठवला. आज आपण ज्याला फील्ड म्युझियम म्हणतो त्याचं नाव तेव्हा शिकागो नॅचरल हिस्टरी म्युझियम होतं. साप जेमतेम पाऊण मीटरचा, आफ्रिकेतला, पिल्लूच. दिसायला बूमस्लँग. आफ्रिकान्स भाषेत बूम म्हणजे झाड आणि स्लँग म्हणजे साप, सरळ भाषांतर केलं तर झाडसाप. पण एक गोष्ट जुळत नव्हती. बूमस्लँगमध्ये गुदद्वारावर झाकणासारखा असलेला खवला दुभागलेला असतो, याचा अखंड होता. त्यामुळे चर्चा सुरू झाली. सहकारी रॉबर्ट इंगर यांच्या हातातून श्मिटने साप आपल्या हातात घेतला, आणि तो डाव्या अंगठ्याला चावला. एकच विषदंत पुरता रुतला. खोली तीन मिलिमीटर.

श्मिट तेव्हा ६७ वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, तरी म्युझियमला येतच होता. चावल्यावर तो नेहमीच्या लोकलने होमवूडला घरी गेला. गाडीत मळमळ सुरू झाली. घरी थंडी वाजून आली, मग १०१.७ ताप, मग हिरड्यांतून रक्त. रात्री दुधातला टोस्ट खाल्ला, झोपला. मध्यरात्री लघवीत रक्त. पहाटे पाणी प्यायला तर उलटी झाली. त्यानंतर बरं वाटलं आणि पुन्हा झोप लागली. सकाळी ताप उतरला होता. नाश्त्याला सीरिअल, टोस्टवर अंडी, सफरचंदाचा गर, कॉफी. तोंडातून आणि नाकातून रक्त येतंय, पण फार नाही, अशी शेवटची नोंद आहे. दुपारी जेवणानंतर उलटी झाली, त्याने बायकोला हाक मारली आणि मग प्रतिसाद थांबला. तीनच्या सुमारास हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, हृदय, मेंदू, सगळीकडे रक्तस्राव सापडला.

त्याचा सहकारी क्लिफर्ड पोप याने १९५८ मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात या दंशावर लेख लिहिला आणि श्मिटच्या नोंदी त्यात छापल्या. अमेरिकेतल्या ‘सायन्स फ्रायडे’ या रेडिओ कार्यक्रमाने २०१५ मध्ये त्यावर छोटी फिल्म केली. फिल्म चांगली आहे, संयत आहे. पण तिच्यानंतर जे रील-पीक आलं त्यात संयम उरला नाही. सगळीकडे एकच मथळा: मरणाची डायरी.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. या नोंदी मरणाच्या नाहीतच. त्या एका आजारी दिवसाच्या नोंदी आहेत, लिहिणाऱ्याच्या मते तो दिवस संपणार होता आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. दुसऱ्या दिवशी येतो असं त्याने म्युझियममध्ये कळवल्याचंही सांगतात. मरायला बसलेला माणूस अंडी टोस्टवर होती की बाजूला, हे लिहीत नाही. आपण शेवट माहीत असल्यामुळे त्या नोंदी उलट्या वाचतो, आणि मग साधा सफरचंदाचा गरसुद्धा शोकांतिकेतला वाटायला लागतो.

नोंदी एक लेखन म्हणून वाचल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. चावण्याचा प्रसंग तो प्रथमपुरुषात लिहितो. तिथे ‘मी’ आहे, आणि तो ‘मी’ सरळ कबूल करतो की साप हातात घेताना कसलीही काळजी घेतली नाही. पुढे लक्षणं सुरू झाली की हा ‘मी’ गळून जातो. नुसत्या वेळा, नुसती क्रियापदं. आम्ही सर्व्हरचे लॉग वाचतो तसं. कोण करतंय ते नाही, फक्त काय झालं. लोकांना यातला अलिप्तपणा शूर वाटतो. मला त्यात चाळीस वर्षांची सवय दिसते. या माणसाने आयुष्यभर सापांच्या खवल्यांच्या ओळी मोजून लिहिल्या, तशाच त्याने उलट्या मोजून लिहिल्या. आणि ‘फार नाही’ हे शेवटचं मोजमाप चुकलं.

दुसरा आक्षेप त्या ‘नकारा’बद्दल. मृत्यूच्या काही तास आधी त्याला विचारलं गेलं की डॉक्टर बोलवायचा का, आणि तो नाही म्हणाला, कारण उपचारांनी लक्षणं बिघडतील, असं सांगतात. असेलही. ज्याला बरं वाटतंय तो माणूस असं बोलून जातो. पण या एका वाक्यावर हौतात्म्याचा पुतळा उभा करायचा, तर बाकीच्या नोंदी झाकाव्या लागतात. त्याने लवकर हात हलवले असते तरी काय झालं असतं हा प्रश्न आहेच. बूमस्लँगच्या विषावरचा उतारा दक्षिण आफ्रिकेत होता, शिकागोत नव्हता. पण निदान रक्त देता आलं असतं. हुतात्मा म्हटलं की हा सगळा हिशोबच बंद होतो. हुताम्याला आपण नमस्कार करतो. चूक केलेल्या माणसाला ‘का?’ असं विचारू शकतो.

तर, का? सरीसृपांचा जगातला एक मोठा जाणकार, त्याला बूमस्लँग कळला नाही? कळला होता. त्याचा धोका कळला नाही. कारण साप लहान होता, एकच दात लागला होता आणि दात मागे होते.

हे ‘दात मागे’ प्रकरण मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडे त्यासाठी एक अख्खा शब्द आहे: निमविषारी. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात तीन रकाने असायचे. विषारी: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बिनविषारी: धामण, दिवड, अजगर. आणि मध्ये निमविषारी: हरणटोळ, मांजऱ्या. ज्यांचे विषदंत जबड्यात मागे असतात, ते भक्ष्यापुरतं विष बाळगतात, माणसाला फार तर सूज. हरणटोळ आणि मांजऱ्याच्या बाबतीत हे बरोबरच आहे. पण ‘मागे दात म्हणजे कमी धोका’ हा नियम नाही, ती सरासरी आहे. बूमस्लँग त्या सरासरीत बसत नाही. त्याचं विष थेंबभर पुरतं. ते रक्त गोठवणारी साखळी आतल्या आत सुरू करून देतं, त्यात गोठवणारी प्रथिनं खर्च होऊन जातात, आणि मग जिथे जिथे बारीक फट मिळेल तिथून रक्त झिरपायला लागतं. हे सगळं सावकाश. कित्येक तास माणूस चालतो, जेवतो, झोपतो. फुरशाचं विषही रक्ताच्या बाबतीत याच वाटेने जातं. श्मिटच्या हिरड्या आणि काकांची लाल चूळ, दोन्हींमागे एकच रसायन आहे.

आणि दोन्हींमागे एकच वाक्यही आहे. ‘पोर होतं त्याचं.’

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातली एक रात्र आठवली. ऑन-कॉल मी होतो. अलर्ट आला, त्यावर लेबल होतं सगळ्यात खालच्या गंभीरतेचं. लेबल आम्हीच वर्षभरापूर्वी लावलेलं. मी टाइम नोंदवला, ग्राफचा स्क्रीनशॉट घेतला, तिकिटात व्यवस्थित लिहिलं आणि झोपलो. सकाळी डेटाबेस पडलेला. नोंद सुंदर होती, सगळ्यांनी कौतुक केलं की पोस्टमॉर्टेम लिहायला सोपं गेलं. तुलना ओढूनताणून आहे, माहीत आहे. आमच्याकडे कोणी मेलं नाही. पण नोंद करणं आणि दखल घेणं या दोन गोष्टी आहेत हे मला त्या रात्री कळलं होतं, आणि तरी मी श्मिटची रील फॉरवर्ड केली.

आता त्या एका दिवसाच्या मागची एकेचाळीस वर्षं. ती रीलमध्ये ‘प्रसिद्ध शास्त्रज्ञ’ या दोन शब्दांत उरकतात.

श्मिट १९१६ मध्ये कॉर्नेलमधून बाहेर पडून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत लागला. तिथे त्याच्यापुढे आलं बेल्जियन काँगोतून आलेलं प्रचंड भांडार. हर्बर्ट लँग आणि जेम्स चॅपिन हे दोघे १९०९ ते १९१५ काँगोत फिरून हजारो नमुने घेऊन आले होते. श्मिटने त्यांतल्या सरीसृपांवर दोन मोठे ग्रंथ लिहिले, सापांवरचा भाग १९२३ मध्ये आला. म्हणजे आफ्रिकेतले साप त्याला चांगले ठाऊक होते, पण अल्कोहोलच्या बाटलीतून. म्युझियममधल्या माणसाच्या ज्ञानाची ही ताकद आणि हीच मर्यादा. बाटलीतल्या सापाचे खवले हवे तितक्या वेळा मोजता येतात. तो चावत नाही. त्या बरण्या वसाहतीच्या राज्यातून जहाजं भरून आल्या, आणि ज्यांच्या जंगलातून आल्या त्यांना या सापांबद्दल काय माहीत होतं हे बरणीवरच्या चिठ्ठीत मावत नाही, हेही इथेच म्हणायला हवं.

१९२२ मध्ये तो शिकागोला आला आणि तिथलाच झाला. होंडुरास, ब्राझील, ग्वाटेमाला, पेरू, चिली अशा मोहिमा केल्या. १९२८-२९ मध्ये ‘इलिरिया’ नावाच्या जहाजावरून पॅसिफिक पालथा घातला. दोनशेहून अधिक प्रजातींना त्याने नावं दिली. १९४१ मध्ये प्राणिशास्त्र विभागाचा मुख्य क्युरेटर झाला. ‘कोपिया’चं संपादन बारा वर्षं केलं, त्याच ‘कोपिया’चं, ज्यात पुढे त्याच्या मृत्यूचा लेख आला.

यादी इथेच थांबवतो, कारण मला त्यातलं एक छोटं पुस्तक महत्त्वाचं वाटतं. १९२९ मध्ये म्युझियमने सामान्य लोकांसाठी त्याची एक पुस्तिका छापली, सापांच्या गोष्टींमागचं सत्य सांगणारी. आपल्याकडे धामण गाईचं दूध पिते, नाग डूख धरतो, तशा अमेरिकेतही कथा होत्या: शेपूट तोंडात धरून चाकासारखा घरंगळत जाणारा साप, गोठ्यात शिरून दूध पिणारा साप. अशा कथांमुळे साप दिसला की ठेचला जातो. श्मिटने पुढे १९४१ मध्ये ड्वाइट डेव्हिससोबत सापांची फील्ड गाइड लिहिली, लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिली. सापाबद्दलची खोटी गोष्ट खोडणं हा त्याच्या कामाचा एक भाग होता. आणि आज तो स्वतःच एक सापाची गोष्ट होऊन बसलाय, घरंगळणाऱ्या सापाइतकीच लोकप्रिय.

तो ‘संवर्धक’ होता का? आजच्या अर्थाने, बॅनर घेऊन उभा राहणारा, नाही. बंदूक आणि अल्कोहोल घेऊन फिरणाऱ्या पिढीतला तो होता. पण त्याने प्राण्याला त्याच्या जागेसकट बघायला शिकवलं. १९४९ मध्ये ॲली, इमर्सन, पार्क, पार्क आणि श्मिट या पाच जणांनी प्राणी-परिसंस्थेवर एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं. आडनावांची आद्याक्षरं जुळवून विद्यार्थी त्याला ‘ग्रेट एप्स’, म्हणजे महावानर, म्हणत. त्याचा धाकटा भाऊ फ्रँकलिन तर वन्यजीव-व्यवस्थापन या तेव्हाच्या नव्या क्षेत्रातला नावाजलेला माणूस होता. १९३५ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या शेतावरच्या घराला आग लागली आणि त्यात हा भाऊ आणि आई दोघेही गेले. हे कुठल्याच रीलमध्ये नाही. त्याचा सापाशी संबंध नाही ना.

त्याच १९३५ साली श्मिटने फिलिपिन्सच्या मिंडोरो बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या मगरीचं स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केलं. त्याआधी १९२८ मध्ये न्यू गिनीच्या मगरीचं केलं होतं. तेव्हा ही नावं म्हणजे कागदावरचे दोन शब्द होते. आज मिंडोरोची मगर अतिसंकटग्रस्त यादीत आहे, जंगलात प्रौढ मगरी शे-दीडशेच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे. जिला वेगळं नावच नाही ती संपली तर कोणाला कळणार? एरवी ती ‘मगर’ म्हणून संपली असती, आणि मगरी तर जगात भरपूर आहेत. म्युझियममध्ये बसून कवट्या मोजणाऱ्याच्या कामाचा उपयोग हा असा, पन्नास-साठ वर्षांनी आणि दुसऱ्याच कोणाच्या हातून होतो. न्यू गिनीच्या मगरीचं तर आणखी मजेशीर. २०१९ मध्ये संशोधकांनी म्युझियममधल्या जुन्या कवट्या पुन्हा मोजल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की श्मिटने एक समजलेली ती प्रत्यक्षात दोन आहेत. बेटाच्या दक्षिण बाजूची वेगळी. तिला ‘क्रोकोडायलस हॉली’ नाव मिळालं. लेख छापून आला ‘कोपिया’तच. (त्या नियतकालिकाचं नावही पुढे बदललं. ज्या कोप महाशयांच्या नावावरून ते होतं ते वंशवादी होते म्हणून.)

इथे श्मिट चुकला होता, आणि त्याची चूक नव्वद वर्षांनी त्याच्याच घरात दुरुस्त झाली, कारण कवट्या जपून ठेवलेल्या होत्या. वर्गीकरणाची चूक कागदावर असेल तर तिला नव्वद वर्षं चालतात. अंगठ्यावर असेल तर एक दिवसही मिळत नाही.

आपल्याकडे हा विषय हौसेचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, वर्षाला साधारण ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. आपली लसही तक्त्यातल्या त्या पहिल्या रकान्यातल्या चार सापांच्या विषापासून बनते. तक्ता चारांवर थांबतो तिथे लसही थांबते. केरळात चापडा जातीतला एक साप चावून माणसं गंभीर होतात आणि ही लस त्यावर चालत नाही. नोंदी ठेवणारी माणसं इथेही आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब लिहीत राहिले आणि त्या नोंदींतून त्यांना औषध सापडलं. त्या नोंदी दुसऱ्याच्या शरीराच्या होत्या आणि लिहिता लिहिता ते काहीतरी करतही होते. मला रील टाकायचीच होती तर ती टाकता आली असती. पण त्यात पियानो वाजवायला जागा नाही.

श्मिटवर राग नाही माझा. उलट आता तो जास्त जवळचा वाटतो. जाणकार, कामसू, थोडा बेफिकीर, आणि आपल्याच ज्ञानाच्या एका सोयीस्कर रकान्यावर विसंबलेला. त्याच्या नोंदींचा उपयोग झालाच, बूमस्लँगला कोणी पुन्हा हलकं धरलं नाही. पण तो उपयोग व्हावा म्हणून त्याने जीव दिला असं म्हणणं म्हणजे त्याच्या कबुलीवर रंग फासणं आहे. काळजी घेतली नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आपण ते वाक्य सोडून बाकी सगळं शेअर करतो.

गणपतीला गावी गेलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. खवल्याचं, लोकलचं, अंड्यांचं. भावाच्या आगीचं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. मग मगरींचं सांगितलं. ते न मिटणारं बोट दुसऱ्या हाताने चोळत बसले होते.

‘मग त्या मगरी हायत अजून?’

‘आहेत. थोड्या.’

‘बरं झालं,’ म्हणाले, आणि बागेत जाण्यासाठी गमबूट शोधायला उठले.